अवघड जागेचं दुखणं आणि भाच्याला दिलेला शब्द

प्रश्न : पत्र लिहिणारे गृहस्थ पुण्यात नोकरी करतात. त्यांचा नववीतला भाचा सातारा जिल्ह्यातल्या एका गावी आई-वडिलांकडे असतो, गावच्या तालमीत जातो. दिवाळीच्या सुट्टीत तो चार दिवस मामाकडे राहायला आला होता. तिसऱ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमाराला, तो पोट धरून उठला. घामाने ओला झाला होता, दोनदा उलटी झाली. मामीने हिंग-ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. पाऊण तासाने दुखणं एकाएकी थांबलं आणि पोरगा झोपून गेला. सकाळी मामांनी त्याला जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, सोनोग्राफी केली, रिपोर्ट नॉर्मल आला. परतताना स्कूटरवर मागे बसलेला असताना, मामांचं तोंड पुढे आहे हे बघून, तो म्हणाला, "मामा, पोटात नव्हतं दुखत. खाली दुखत होतं. डाव्या गोटीत." असं त्याला आधीही तीनदा झालं होतं. "मी काही वाईट करतो म्हणून होतं का हे?" असंही त्याने विचारलं. आणि गावी निघताना शपथ घातली, आई-आप्पांना सांगायचं नाही. वडील जुने पैलवान आहेत. ते म्हणतील, पोरगं तालीम चुकवायला बघतंय. पुढच्या महिन्यात शालेय कुस्ती स्पर्धा आहेत. मामा विचारतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, दुखणंही थांबलंय. मी दिलेला शब्द मोडू का? की स्पर्धा होऊ द्यावी आणि मग बघावं? आणि ऑपरेशनची वेळ आलीच, तर त्याला पुढे मुलंबाळं होतील ना?"

उत्तर :

नमस्कार.

सगळ्यात आधी तो सोनोग्राफीचा रिपोर्ट काढा. हे वाचता वाचताच काढा. त्यावर यकृत, पित्ताशय, प्लीहा, दोन्ही किडन्या, मूत्राशय अशी ओळीने नावं असतील आणि प्रत्येकापुढे नॉर्मल लिहिलेलं असेल. आता त्यात वृषणाचं नाव शोधा. माझा अंदाज, ते सापडणार नाही. तुम्ही डॉक्टरांना 'पोटात दुखत होतं' असं सांगितलंत, त्यांनी पोटाची सोनोग्राफी लिहून दिली, करणाऱ्यांनी पोट बघितलं. तुम्हाला तोवर दुसरं काही ठाऊकच नव्हतं. पण याचा अर्थ, जिथे दुखत होतं ती जागा अजून कुणीही पाहिलेली नाही. तेव्हा 'रिपोर्ट नॉर्मल आहे' हे वाक्य बाजूला ठेवू.

आणि समजा, त्याच सकाळी वृषणाची कलर डॉपलर सोनोग्राफी केली असती, तरी ती नॉर्मल येण्याची बरीच शक्यता होती. ती तपासणी त्या क्षणी रक्त वाहतंय की नाही हे दाखवते. पहाटे चारला दुखणं थांबलं होतं, म्हणजे सकाळी दहाला रक्त वाहतच असणार.

तुम्ही लिहिलेली हकीकत अशी आहे : झोपेतून उठवणारी अचानक कळ, एकाच बाजूला, सोबत उलट्या, तासाभराच्या आत जशी आली तशी गेली, आणि ही चौथी वेळ. एवढं ऐकल्यावर कुठल्याही सर्जनच्या मनात पहिल्यांदा येतं ते वृषणाला पीळ पडणं. आम्ही त्याला टॉर्शन म्हणतो. मी मुलाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदानाचा शिक्का मी मारणार नाही. पण दुसरं काही आहे असं तपासून ठरेपर्यंत टॉर्शनच आहे असं धरून चालायचं, हे मात्र ठामपणे सांगते.

ते नेमकं काय असतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण एकदा डोळ्यांपुढे आलं की घाई कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नाही.

वृषण अंडकोषाच्या पिशवीत एका दोरीला लटकलेलं असतं. त्या दोरीतून रक्त आणणारी धमनी जाते, रक्त परत नेणाऱ्या शिरा जातात, शुक्राणू वाहून नेणारी नळी जाते. बहुतेकांचं वृषण मागच्या बाजूने पिशवीच्या भिंतीला धरलेलं असतं, त्यामुळे ते गरकन फिरत नाही. काही मुलांमध्ये भोवतीचं आवरण जन्मापासूनच जरा वरपर्यंत चढलेलं असतं, आणि वृषण आत मोकळं लोंबतं, देवळातल्या घंटेच्या लोलकासारखं. शवविच्छेदनाच्या एका पाहणीत शंभरात साधारण १२ पुरुषांमध्ये ही ठेवण दिसली होती. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, त्यांना ते माहीतही नसतं. पण वयात येताना वृषणं झपाट्याने वाढतात, जड होतात. त्यांना वर ओढणारा एक स्नायू असतो, तो झोपेतही आकसतो. मग एखाद्या रात्री लोलक फिरतो. अर्धा वेढा, एक वेढा, कधी दोन. ओलं धोतर पिळावं तशी ती दोरी पिळली जाते. शिरांच्या भिंती पातळ, त्या आधी मिटतात. रक्त आत येतं पण बाहेर जात नाही, वृषण सुजून टणक होतं. थोड्या वेळाने धमनीही बंद होते, आणि मग वृषण मरायला लागतं.

पहिल्या सहा तासांत पीळ सोडवला तर दहापैकी नऊ किंवा त्याहूनही जास्त वेळा वृषण वाचतं. बारा तास उलटले की ही आशा निम्म्यावर येते. चोवीस तासांनंतर वाचलेलं वृषण क्वचितच बघायला मिळतं. आणि हे तास पहिली कळ आल्यापासून मोजायचे असतात. हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर घड्याळ सुरू होत नाही.

तुमच्या भाच्याचा पीळ बहुधा चारही वेळा आपोआप सुटला. लोलक फिरला आणि उलटा फिरून जागेवर आला. तुम्ही लिहिता, 'दुखणंही थांबलंय', आणि त्यात तुम्हाला दिलासा वाटतोय. मला त्यात दिलासा वाटत नाही. चारदा थांबलं याचा अर्थ चारदा फिरलं. त्याचं वृषण फिरू शकतं हे त्याच्याच शरीराने चार वेळा सांगून झालंय. पाचव्या वेळी ते सुटेल की अडकेल, हे मी सांगू शकत नाही आणि दुसरं कुणीही सांगू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्या घरांत ठाऊक असते. खरा पीळ पडून आठ-दहा तास गेले की कधी कधी दुखणं आपोआप कमी होतं. घरच्यांना वाटतं, गोळी लागू पडली. प्रत्यक्षात दुखण्याची जाणीव देणारा भागच मेलेला असतो.

आता पोटाबद्दल. भाचा तुमच्याशी खोटं बोलला असं मनात आणू नका. वृषण आईच्या पोटात असताना बाळाच्या किडनीजवळ तयार होतं आणि जन्माआधी खाली उतरतं. त्याच्या नसा वरूनच येतात. त्यामुळे वृषणातली कळ बेंबीखाली, जांघेत, पोटात जाणवते. काही मुलांना तर फक्त पोटातच दुखतं. त्यात लाज मिसळली की 'पोट दुखतंय' हे निम्मं खरं आणि सांगायला सोपं असं वाक्य तोंडातून येतं.

याबाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. मी नुकतीच काम करायला लागले होते. एका तालुक्याच्या गावी रात्रपाळीला होते. तेरा वर्षांचा मुलगा, सोबत आजोबा. पोटात दुखतंय, दोन उलट्या. मी पोट तपासलं, मऊ होतं. आदल्या दिवशी जत्रेत काहीबाही खाल्लं होतं, तेवढं मला पुरलं. मुलगा गुडघे जवळ घेऊन कुशीवर पडला होता आणि चड्डीच्या नाडीवर हात घट्ट धरून होता. तो हात मी पाहिला आणि त्याचा अर्थ मला कळला नाही. आजोबांसमोर, परक्या बाईसमोर त्याला चड्डी खाली करायला सांगणं मला अवघड वाटलं. सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. दुपारी माझ्या वरिष्ठांनी राउंडवर त्याला तपासलं तेव्हा डावं वृषण निळंजांभळं झालं होतं. ते काढावं लागलं. तेव्हापासून पोटदुखी घेऊन आलेल्या एकाही मुलाला मी खालची जागा बघितल्याशिवाय सोडलेलं नाही. आपल्याकडे म्हणतात ना, 'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर'. त्या रात्री डॉक्टर परका होता, तरी अवघडलेपण तेवढंच होतं, आणि ते मुलापेक्षा माझ्यात जास्त होतं.

म्हणून भाच्याने तुम्हाला स्कूटरवर जे सांगितलं, त्याची किंमत मला कळते. चौदाव्या वर्षी ते वाक्य उच्चारायला किती बळ लागतं! मोठ्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता म्हणून ते सुटलं. तुम्ही त्याला हसला नाहीत, दटावलं नाहीत. त्यामुळेच आज तुमच्या हातात ही माहिती आहे.

आता शब्दाबद्दल. तुम्ही विचारता, शब्द मोडू का? माझ्या मते तुम्ही प्रश्नच थोडा वेगळा मांडायला हवा. तुम्ही शब्द दिलात तेव्हा तुमच्या समजुतीप्रमाणे ते एक लाजिरवाणं, पण संपलेलं दुखणं होतं. आज तुम्हाला कळलंय की ते संपलेलं नाही आणि त्याला घड्याळ आहे. जे माहीत नसताना दिला, तो शब्द माहीत झाल्यावर तसाच पाळणं म्हणजे भाच्याला एकटं सोडणं. तरीही त्याच्या पाठीमागे परस्पर ताईला फोन लावू नका. पोराने एकदा धीर करून सांगितलं आणि ते त्याच्या नकळत घरभर झालं, तर पाचव्या वेळी तो कुणालाच सांगणार नाही. आणि पाचव्या वेळीच सांगणं सगळ्यात गरजेचं आहे.

आधी त्यालाच फोन करा, आज संध्याकाळी. तालमीतून आल्यावर, एकटा असेल तेव्हा. साधं बोला. "तू सांगितलंस ते मी एका डॉक्टरांना विचारलं, तुझं नाव न घेता. त्या म्हणाल्या, यावर इलाज आहे, पण वेळ घालवायचा नाही. आई-आप्पांना सांगावं लागणार. तू सांगतोस, की मी सांगू? मी सांगताना तू तिथे असलास तर चालेल का, की बाहेर थांबशील?" सांगायचं की नाही, हे त्याच्यावर सोडायचं नाही. कसं सांगायचं, कुणाला आधी, समोर की मागे, हे सगळं त्याला ठरवू द्या. एवढा हात त्याच्याकडे राहिला तर विश्वासही राहील. तो रडेल, चिडेल, फोन ठेवून देईल. तसं झालं तरी रविवारी सकाळी तुम्ही गाडी काढून गावी जा.

तुमच्या मनात एक मधला रस्ता असेल असं मला पत्रावरून वाटलं. भाच्याला गुपचूप पुण्याला बोलवायचं, इथल्या सर्जनला दाखवायचं, आणि मग बघायचं. दाखवण्यापुरतं ते जमेलही. पण त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनला आई-वडिलांची सही लागते, तेव्हा आज ना उद्या सांगावं लागणारच. दुसरी अडचण मला जास्त भीती घालते. पीळ पुन्हा पडला तर तो बहुतेक रात्री पडेल, आणि रात्री तो तुमच्याजवळ नसेल. तुम्ही दोन-अडीच तासांवर. त्याच्या शेजारच्या खोलीत जी दोन माणसं झोपलेली असतील, त्यांना काहीच माहीत नसेल. ती पुन्हा हिंग आणि ओवाच देतील.

दाजींबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. कडक माणूस, तालमीत वाढलेला, दुखण्याची कुरकुर ऐकून न घेणारा. मी त्यांना ओळखत नाही, तुम्ही ओळखता. तरी एक विचार करून बघा. 'आप्पा काय म्हणतील' हे तुम्हाला भाच्याकडून कळलंय आणि भाच्याने ते स्वतःच्या भीतीतून गृहीत धरलंय. दाजींना अजून कुणी विचारलेलंच नाही. जुना पैलवान शरीराची भाषा आपल्यापेक्षा चांगली जाणतो. खांदा निखळलेल्या पोराला उद्या कुस्ती खेळ म्हणून कुठला वस्ताद सांगत नाही. त्यांच्याशी त्याच भाषेत बोला. "दाजी, आतली दोरी पिळली जातेय. सहा तासांत सोडवली नाही तर अंड काढावं लागतं. आधीच दोन टाके घालून घेतले तर पोरगा महिन्याभराने पुन्हा आखाड्यात उतरेल." लाजेचा, हळुवार शब्दांचा घोळ नको. हे सांगताना वृषण म्हणा, अंड म्हणा, गोटी म्हणा, घरात जो शब्द चालतो तो म्हणा, पण म्हणा. आपल्या घरांत या अवयवाला शिवीत नाव आहे आणि पुस्तकात नाव आहे, जेवणाच्या ताटावर किंवा आईजवळ उच्चारता येईल असं नाव नाही. मुलं गप्प बसतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

आणि ताईला सांगायला विसरू नका. पुष्कळदा अशा गोष्टी 'पुरुषांत' मिटवल्या जातात. पण पहाटे तीनला मूल उठतं तेव्हा बहुतेक घरांत आधी आईच जागी होते.

लंगोटाचा मुद्दा तिथे निघेल, म्हणून सांगून ठेवते. लंगोट घट्ट बांधला की असं काही होत नाही, असं दाजी म्हणतील कदाचित. लंगोट बाहेरून आधार देतो. पीळ आतल्या आवरणात पडतो, तो लंगोटाने थांबत नाही. आणि भाच्याला तो झोपेत पडलाय, आखाड्यात नाही. तालमीमुळे हे झालं असं मी म्हणत नाही. काही मुलांना पळताना, खेळताना किंवा जागेवर मार बसल्यावर पीळ पडतो, हे खरं. तेव्हा कुस्तीत गुडघा लागून दुखलं आणि तासाभरात ते ओसरलं नाही, तर 'मार लागलाय, दुखणारच' म्हणून थांबायचं नाही.

स्पर्धेचं काय, हा तुमचा प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देते. थांबू नका. या आठवड्यात त्याला युरोलॉजिस्टना किंवा लहान मुलांच्या सर्जनना दाखवा. यांपैकी कुणी जवळ नसेल तर जनरल सर्जनही हे काम करतात. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा, 'डाव्या वृषणात चार वेळा अचानक दुखून आपोआप थांबलंय, रात्री उठवलंय, उलट्या झाल्यात.' ते तपासतील. उभं असताना वृषण आडवं लोंबतंय का, एक बाजू वर चढलीय का हे बघतील. मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट ओढून वृषण वर उचललं जातं का हे बघतील. त्याला पुरुष डॉक्टर हवे असतील तर तसं आधी विचारून घ्या, त्यात काही गैर नाही.

त्यांनाही माझ्यासारखीच शंका आली तर ते वृषण आतून बांधून घ्यायला सांगतील. भूल देऊन पिशवीवर छोटा छेद घेतात, आणि दोन्ही वृषणं आतल्या भिंतीला टाके घालून जागेवर धरून ठेवतात. दोन्ही, कारण लोलकासारखी ठेवण बहुतेक वेळा दोन्हीकडे असते. तासाभराच्या आतबाहेरचं काम. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. शाळेत आठवड्याभराने जाता येतं. जोर-बैठका आणि कुस्ती काही आठवडे बंद, नक्की किती ते त्याचे सर्जन सांगतील. म्हणजे या वर्षीची स्पर्धा जाईल. चौदा वर्षांच्या मुलासाठी हे लहानसं दुःख नाही, त्याला ते मोठ्याने बोलू द्या. 'स्पर्धा काय, पुढच्या वर्षीही येईल' असं लगेच म्हणू नका.

मुलंबाळं होतील का? बांधून घेतलेली वृषणं जागेवर राहून आपलं काम करत राहतात. या ऑपरेशनमुळे बाप होण्यात अडचण येत नाही. उलट पीळ बराच काळ तसाच राहिला तर वृषण जातं, किंवा वाचलं तरी आकसतं, आणि वीर्याच्या प्रतीवरही परिणाम होऊ शकतो. ज्यांचं एक वृषण आधीच गेलेलं आहे अशा मुलांचे पालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिते : एक निरोगी वृषण बहुतेकांना पुरतं. दाढी-मिशा, आवाज, ताकद, लग्न, मूल, सगळ्यासाठी. उरलेलं बांधून घेतलंय ना, हे जुन्या कागदांत तपासा. नसेल तर सर्जनना विचारा. कुस्ती, क्रिकेट, कबड्डी खेळताना गार्ड वापरायला लावा. पुढे मोठा झाल्यावर त्याला हवं असेल तर सिलिकॉनचं कृत्रिम वृषण बसवता येतं. हवं की नको, हे त्याचं त्याने ठरवायचं.

भाच्याने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. बहुधा तुम्हीही अडखळलात. त्याला फोनवर सांगा, आणि अगदी स्पष्ट सांगा : हस्तमैथुनाने पीळ पडत नाही. काही बघितल्याने, मनात आणल्याने पडत नाही. जन्मतः शरीराची जी ठेवण आहे, तिच्यामुळे पडतो. हे पोर कित्येक रात्री शिक्षा भोगल्यासारखं कळ सोसत पडलं असेल, आणि ती शिक्षाच आहे असं त्याला वाटत होतं. 'आईला सांगू नको' यामागे वडिलांच्या भीतीपेक्षा हेच जास्त असावं, असं मला वाटतं.

हे पत्र छापायचं ठरवलं ते इतर घरांसाठीही. म्हणून थोडं आजूबाजूचं. दुखणाऱ्या प्रत्येक वृषणाला पीळ पडलेला नसतो. सात ते बारा वर्षांच्या मुलांत वृषणाला लागून असलेल्या एका बारीकशा कोंबाला पीळ पडतो. दुखतं तेही, पण ते विश्रांतीने आणि गोळ्यांनी बरं होतं. जंतुसंसर्गात दुखणं एक-दोन दिवसांत हळूहळू वाढतं, लघवीला जळजळ होते, ताप येतो. हर्निया, ज्याला आपल्याकडे अंतर्गळ म्हणतात, तो जांघेत फुगवटा आणतो, आणि अडकला तर तोही तातडीचाच. न दुखणारी कडक गाठ हाताला लागली तर तीही दाखवायची, तिची कारणं वेगळी. पण हे वेगळेपण घरात बसून ओळखता येत नाही. पहिल्या तासात तर आम्हालाही कधी कधी ते ऑपरेशन टेबलवरच कळतं, आणि शंका असली तर उघडून बघणं हेच योग्य असतं. उघडून बघितलं आणि पीळ नव्हता, यात नुकसान एका छोट्या छेदाचं. टॉर्शन सगळ्यात जास्त १२ ते १८ या वयात होतं. त्याआधीही होतं, विशीत-तिशीतही होतं. ज्यांचं वृषण लहानपणी खाली उतरलेलं नव्हतं, त्यांनी जास्त सावध राहायचं.

ऑपरेशन होईपर्यंतच्या रात्रींसाठी गावच्या घरी एक गोष्ट पक्की करून ठेवा. आत्ता, दिवसा, फोन करून विचारा की आपल्या जवळच्या कोणत्या हॉस्पिटलमध्ये रात्री दोन वाजता सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही येतात. अंतरापेक्षा हे महत्त्वाचं. वीस मिनिटांवरच्या दवाखान्यात जाऊन तिथून पुढे पाठवणी होण्यात दोन-दोन तास जातात. त्या हॉस्पिटलचं नाव आणि नंबर कागदावर लिहून फ्रिजवर किंवा देवघराच्या भिंतीवर लावा. कळ आली की आधी घड्याळ बघून वेळ लिहायची. खायला-प्यायला काही द्यायचं नाही, हिंग-ओवाही नाही, कारण भूल द्यावी लागेल. शेक नको, चोळणं नको. कुणी मोबाईलवर बघून पीळ उलटा फिरवायला सांगेल, तेही नको. पीळ दोन्ही दिशांना पडू शकतो, चुकीच्या बाजूला फिरवला तर आणखी आवळतो. गाडी नसेल तर १०८. दारातच म्हणायचं, 'वृषणात अचानक दुखायला लागलंय, इतके वाजल्यापासून. टॉर्शन आहे का बघा.' हा एक शब्द पाठ करून ठेवा, रांगेत बसवायचं थांबतं. सोनोग्राफीवाले सकाळी येतील असं कुणी म्हणालं तर विचारा, 'तोवर थांबणं चालेल असं सर्जन स्वतः म्हणतायत का?' कागदपत्रं, योजनेचं कार्ड, पैसे यांची धावपळ एकाने करायची, दुसऱ्याने मुलाजवळून हलायचं नाही. आणि वाटेत दुखणं थांबलं, तरी गाडी मागे वळवायची नाही.

सहा तास उलटून गेले असतील तरीही जायचंच. अर्धवट पीळ असेल तर त्यानंतरही वृषण वाचतं, आणि दुसरं वृषण तरी बांधून घेता येतं.

भाच्याकडे स्वतःचा मोबाईल आहे असं तुम्ही लिहिलंय. तालमीतल्या जोडीदारांना सांगायचं की नाही ते त्याचं तो बघेल. पण आई-आप्पांशी बोलणं होईपर्यंतच्या या दोन-तीन रात्री त्याला एवढंच सांगा की कळ आली तर लाज बाजूला ठेवून आईला उठव आणि लगेच मामाला फोन कर. आणि तुमचा फोन रात्री सायलेंटवर जात असेल तर आजपासून त्याचा नंबर वाजेल अशी सोय करून ठेवा.